पाण्याची वहिवाट

प्रति,
राज्यातल्या शहरांचे विकास आराखडे तयार करणारे नगररचनाकार, तसेच त्या आराखड्यांवर शेवटची सही करणारे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : ओढ्यांच्या नोंदीबाबत

महोदय, महोदया,

मी मोजणीतला माणूस. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा हातात जमीन मोजायची शंकू साखळी होती. निवृत्तीच्या सुमारास उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर आला. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत शहराला लागलेल्या गावांची शेते बिनशेती होताना मी बांधाबांधाने पाहिली, कारण त्यांतल्या बऱ्याच मोजण्या माझ्याच हातच्या. तेव्हा या पत्रात तक्रार आहे, पण आधी कबुली आहे.

एक मोजणी सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, आता ते गाव राहिलेही नाही. पावणेतीन हेक्टरचा गट, बिनशेतीची मोजणी. जुन्या टिपणावर, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी काढलेल्या हातनकाशावर, गटाच्या मधोमध ओढा दाखवलेला, दोन रेषांत, वाहण्याच्या दिशेचा बाण काढून. महिना जानेवारीचा. जागेवर पाहिले तर घोट्याइतका खोलगट पट्टा, कडेला निरगुडी आणि वाळलेले लव्हाळे. मालकाचा माणूस म्हणाला, "साहेब, ह्याला काय ओढा म्हणायचा? पावसाळ्यात जातं थोडं पाणी." शेजारच्या गटाचे एक म्हातारे बांधावर बसले होते. ते म्हणाले, "आषाढात या मोजायला." आम्ही सगळे हसलो. मी नियमाप्रमाणे ओढा दाखवला, पण रुंदी धरली ती त्या दिवशी दिसली तेवढी. जानेवारीतली.

त्या क प्रतीवरून, म्हणजे मोजणीच्या नकाशावरून, लेआउट झाला. लेआउटवर ओढ्याचा 'नाला' झाला. मधोमध ठेवला तर प्लॉट तिरके पडत होते, म्हणून तो उचलून गटाच्या हद्दीला नेला आणि दोनदा काटकोनात वळवला. पुढे त्यावरून नऊ मीटरचा रस्ता गेला तेव्हा रस्त्याखाली पाइप बसला. यात बेकायदा काहीही नव्हते. प्रत्येक कागदावर सही होती, त्यातली एक माझी.

गावात ओढ्याला नाव असते, नाल्याला नंबर असतो. नंबर पडला की तो आरोग्य खात्याचा, नालेसफाईच्या निविदेचा विषय होतो. त्यात सांडपाणी सोडायला कुणाला काही वाटत नाही, मग वास येतो, मग झाका म्हणून रहिवासीच अर्ज करतात आणि वर स्लॅब पडतो. झाकलेल्या ओढ्यावर पार्किंग होते, भाजी मंडई होते, एखादे विरंगुळा केंद्रही होते. पुढच्या पिढीला तिथे ओढा होता हेच ठाऊक नसते. पावसाला मात्र ठाऊक असते, कारण तो उतार पाहून येतो.

महसूल खात्याने ओढ्यांवर फार पूर्वीच एक शिक्का मारून ठेवला आहे, 'पोटखराबा'. सातबारावर क्षेत्राखाली हा रकाना असतो. पीक येत नाही, आकार म्हणजे सारा बसत नाही, म्हणून ती जमीन खराब. त्यातही दोन वर्ग आहेत. 'अ' म्हणजे शेतीला निरुपयोगी जमीन. 'ब' म्हणजे आकारणीतून मुद्दाम बाहेर ठेवलेली, रस्ता, पायवाट, किंवा मालकाशिवाय इतरांच्याही वापरातले तळे आणि ओढा असलेली. म्हणजे ही जागा एकट्या मालकाची नाही हे त्या जुन्या नियमाला कळत होते. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त 'खराब' हा शब्द. आणि खराब जमीन सुधारायची असते, असे आपल्याकडे प्रत्येकाला वाटते. भर टाकायला राडारोडा फुकटात मिळतो, शहरात तो रोज निघतो.

आता थोडा हिशोब मांडू द्या, सवय जात नाही. शंकू साखळी तेहेतीस फुटांची. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. या एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे बरोबर एक टँकर. एकराला चाळीस टँकर. शेत होते तेव्हा त्यातले बरेचसे मुरायचे, बांधाला अडायचे, उरलेले सावकाश ओढ्याला लागायचे. त्याच एकरावर छत, पार्किंग, काँक्रीटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळपास सगळे चाळीस टँकर एकदम निघतात, तेही तासाभरात. पाणी वाढले आणि वाट मात्र आपण तेवढ्यात अरुंद केली. पाइपचे तर आणखी फसवे असते. ढाळ तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर पाणी वाहून नेण्याची ताकद निम्मी राहत नाही, सहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही शिकलेले आहात. पण मंजुरीच्या फायलीत वरच्या बाजूने किती गुंठ्यांचे पाणी येणार आहे, हे लिहिलेले मी फार क्वचित पाहिले. फाइल एका गटाची असते. पाणी सगळ्या पाणलोटाचे असते.

मुंबईची जुनी पावसाळी गटारे कोणत्या गृहीतावर बांधली होती, ते तुमच्यातल्या अनेकांना पाठ असेल. तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल. ब्रिटिशांच्या काळात ते खोटे नव्हते, जमीन तेवढी उघडी होती. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितले की आता तासाला ५० मिलिमीटर धरा आणि मुरणारे काहीच नाही असे धरा. एका शहराची जमीन पाणी प्यायची बंद झाली, ही नोंद सरकारी कागदावर आकड्यात झाली. पुढे बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एवढ्या पावसापुढे कुठलेही शहर तुंबले असते, हे मान्य. पण विहार-पवई तलावांचे सांडवे घेऊन माहीमच्या खाडीला जाणारी मिठी नदी वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखाली दाबली गेली होती, खाली तिच्या मुखाजवळच्या पाणथळीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे होते, आणि त्या दिवसानंतर कित्येक मुंबईकरांनी पहिल्यांदा ऐकले की मिठी ही नदी आहे. तोवर ते तिला नालाच म्हणत होते.

पुण्यात हीच गोष्ट २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झाली. कात्रजच्या डोंगरातून उतरून मुठेला मिळणारा आंबिल ओढा काही तासांत भिंती पाडत गेला. शहरात आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. हा काही कुणाला माहीत नसलेला ओढा नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून याच डोंगराचे पाणी नळाने शहरात आणले होते. म्हणजे अठराव्या शतकात पुण्याला या पाण्याचा हिशोब नीट येत होता.

अशा रात्रीनंतर काय होते तेही मी पाहिले आहे. सकाळी पंचनामे, दुपारी पाहणी दौरा, आणि आठवड्याभरात 'ओढ्यातील अतिक्रमणे हटवणार' अशी बातमी. हटतात त्या काठावरच्या पत्र्याच्या खोल्या. त्या तिथे नसाव्यात हे खरे, तिथे राहणारी माणसेही हौसेने राहत नाहीत. पण पत्र्याच्या खोलीने ओढा फार तर हातभर अरुंद केलेला असतो. वरच्या अंगाला मंजूर नकाशाने तो निम्मा केलेला असतो, त्याच्या सीमाभिंतीला कुणी हात लावत नाही, कारण ती नियमात आहे. माझ्या नोकरीभर मी 'अतिक्रमण' हा शब्द फक्त गरिबाच्या बाबतीत वापरला. आज त्याची लाज वाटते.

नद्यांना निदान पूररेषा तरी आहेत. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी लोकांची फसगत होते, ते वेगळे. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे यंदा येऊन गेला की आता पंचवीस वर्षे निवांत, असा अर्थ घरे घेणारे काढतात. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते, हे त्यांना कुणी सांगत नाही. शिवाय रेषा जुन्या पावसावर आणि जुन्या जमिनीवर काढलेली असते. वरचे पाणलोट काँक्रीटचे झाले की तोच पाऊस मोठा पूर आणतो आणि रेषा कागदावर जागची हलत नाही. ओढ्यांना तर बहुतेक ठिकाणी ही रेषासुद्धा नाही.

पावसाळ्यातले झाले. उन्हाळ्यातही मला तेच ओढे आठवतात. आपल्या पठाराखाली काळा कातळ आहे, बेसाल्टचा. वाळूच्या प्रदेशासारखे पाणी त्यात कुठेही साठत नाही. साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत, आणि तिथवर ते पोचते टेकड्यांच्या उतारावरून, ओढ्यांच्या तळातून. टेकडी कापून सपाट केली, ओढ्याला खालून काँक्रीट केले, की भरण्याची दोन्ही दारे बंद. मग त्याच परिसरात तीन मजली तळघर खणतात. खड्ड्यात झरे लागतात, ते पाणी महिनोन्‌महिने पंप लावून रस्त्याच्या कडेच्या गटारात सोडतात. इमारत उभी राहिली की पहिल्याच एप्रिलमध्ये फाटकाशी टँकर येतो. टँकरचे पैसे भरणारे आपल्या पार्किंगखालून काय उपसून टाकले होते ते जाणत नाहीत, त्यांना दोष देता येत नाही.

चेन्नईने हे दोन्ही टोकांनी भोगले. डिसेंबर २०१५ मध्ये शहर पाण्याखाली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पाणी पुरवणारे तलाव कोरडे, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी. मध्ये फक्त साडेतीन वर्षे. बंगळुरूत एकमेकांना जोडलेल्या तळ्यांची माळ होती, एक भरले की पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या पावसाळी कालव्यातून, पुढच्याला जायचे. आज धर्मांबुधी तळ्याच्या जागी मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडागार. एखादे तळे बुजले म्हणून शहर अडत नाही. माळेतले बुजले की वरचे पाणी रस्त्यावर येते आणि खालचे तळे सांडपाण्यावर जगते. बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला आणि आग लागली, ती याच वाटेने.

सांडपाण्याचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. आराखड्यात शहराची हद्द जाड रेषेने काढलेली असते आणि रेषेपलीकडे कागद पांढरा असतो. त्या पांढऱ्या जागेत माणसे राहतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. उजनीवर सोलापूर शहर पाणी पिते. आपण जो ओढा गटार म्हणून सोडून दिला, तो दोनशे-अडीचशे किलोमीटरवर कुणाच्या तरी हंड्यात जातो. आणि सांडपाणी म्हणजे नेहमी घाणच असते असेही नाही. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे मैलापाणी तिथल्या उथळ 'भेरीं'मध्ये, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांमध्ये, उन्हाने आणि शेवाळाने निवळते, त्यावर मासे वाढतात, भाजी पिकते. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बसवलेले हे तंत्र जगापुढे मांडले ध्रुबज्योती घोष या सरकारी अभियंत्याने. २००२ मध्ये त्या प्रदेशाला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. मला यातली एक गोष्ट फार आवडते. तो माणूस कार्यालयातला नकाशा बाजूला ठेवून, शहराचे पाणी जाते कुठे हे पाहत त्याच्या मागोमाग चालत गेला.

आता मूळ मुद्दा. 'मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६' नावाचा कायदा आहे. मोजणीतल्या माणसाला तो रस्त्याच्या भांडणांमुळे पाठ असतो. त्याच्या पाचव्या कलमात रस्त्याबरोबर पाण्याचाही उल्लेख आहे. शेतजमिनीवर पडणाऱ्या किंवा उगवणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि शेताचे नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. शंभराहून अधिक वर्षे हा अधिकार आहे. गंमत पाहा. जमीन शेती असते तोवर पाण्याला वहिवाट आहे, दाद मागायला जागा आहे. तीच जमीन बिनशेती झाली, तिथे एका बांधाच्या जागी दोनशे कुटुंबे आली, धोका शंभरपट वाढला, आणि या कलमाचा आधार सुटला. शिवाय कलमातला शब्द 'बेकायदा' असा आहे. रीतसर मंजुरी घेऊन अडवलेल्या पाण्याचे काय?

माझी मागणी कायद्यातल्या या एका रिकाम्या जागेपुरती आहे. आराखड्यात जमिनीच्या वापराचे रंग भरायच्या आधी पाण्याची वहिवाट आखा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारे नकाशे, आहेत, गाव नकाशे आहेत, प्रत्येक सर्व्हे नंबरचे टिपण आहे. साखळी ओढत, कातडी पायताणे घालून फिरलेल्या लोकांनी ते केलेले आहे आणि त्यात ओढ्याची लहानातली लहान फांदीही सुटलेली नाही. हे तिन्ही कागद आजच्या नकाशावर ठेवले की कुठला ओढा नाहीसा झाला ते दिसते. जे शिल्लक आहेत त्यांचा पट्टा पावसाळ्यातल्या रुंदीने धरून अभिलेखात उतरवा, स्वतःच्या नोंदीने आणि स्वतःच्या क्षेत्राने. त्याला 'मोकळी जागा' म्हणून लेआउटच्या दहा टक्क्यांत मोजू नका, कारण मग तिथे बाकडी आणि व्यायामाची यंत्रे येतात. वळवण्याची, सरळ करण्याची, झाकण्याची परवानगी एका गटाच्या फायलीवर देऊच नका, ती सगळ्या ओढ्याचा हिशोब मांडूनच द्या. आणि तळाला काँक्रीट करणे थांबवा, सुशोभीकरणाच्या नावाखालीसुद्धा. किंबहुना त्या नावाखाली तर नकोच.

यावर उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. माणसे शहरात येतच राहणार, त्यांना घरे कुठे द्यायची? प्रश्न खरा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअडतीस कोटींच्या आसपास माणसे शहरांत होती आणि महाराष्ट्रात शंभरातली पंचेचाळीस. २०२१ ची गणना झालीच नाही, तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे आराखडे जुन्या आकड्यांना गुणाकार लावून करता, तीही अडचण मला कळते. पण एखाद्या गावाच्या नकाशात ओढ्यांनी किती जागा अडवली आहे ते मोजून पाहा. मी कितीतरी गावांत मोजले आहे. आपल्याला वाटते त्याच्या मानाने ती फारच थोडी असते. घरांना जागा कमी पडते ती ओढ्यांमुळे, हे मला एकाही गावात दिसले नाही. दिसले ते एवढेच, की ओढा बाजूला केला की प्लॉट चौकोनी होतात आणि चौकोनी प्लॉटला भाव जास्त मिळतो.

दुसरे उत्तर असते, हरकती-सूचना मागवल्या होत्या, तेव्हा का नाही बोललात. आराखड्याचा नकाशा सूचना फलकावर लागतो तेव्हा त्यात ओढा नसतोच. जे नकाशात नाही त्यावर सामान्य माणसाने हरकत कशी घ्यावी? त्याला तिथे हिरवा, पिवळा, निळा रंग दिसतो. आपले घर पिवळ्यात आहे ना, एवढे पाहून तो परततो. ओढा दाखवण्याची जबाबदारी त्याची नाही. ती माझी होती आणि आता तुमची आहे.

माझ्याकडे त्या काळातल्या काही गावांच्या ट्रेसिंग आहेत, स्वतःच्या हाताने उतरवलेल्या, टिपणावरून. कडा फाटल्या आहेत पण रेषा स्वच्छ आहेत. टिपण वाचणारी माणसे आता फार उरली नाहीत. तुमच्या कार्यालयातल्या नव्या मुलामुलींना ते शिकायचे असेल तर मी येतो, मानधन नको. आणि जागेवर जायचे ठरले, तर त्या पावणेतीन हेक्टरांपासून सुरुवात करू. तिथे आता चार इमारती आहेत. ओढा कुठून जात होता ते मी डोळे मिटून दाखवेन, आणि तळमजल्यावरचे लोकही दाखवतील, त्यांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा आहेत. फक्त तारीख जानेवारीतली धरू नका. बांधावरच्या त्या म्हाताऱ्यांनी सांगितला होता तो महिना धरा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक